लई प्रामाणिक माणूस

पतसंस्थेच्या कर्जाच्या अर्जावर सगळ्यात कमी जागा जामीनदाराच्या वाट्याला येते. कर्जदाराचं नाव, पत्ता, पगार, कर्जाचं कारण, वारसदार, या सगळ्यांना ऐसपैस रकाने. आणि पान संपता संपता खाली ‘जामीनदार क्र. १’, ‘जामीनदार क्र. २’ अशा दोन ओळी. नाव, हुद्दा, तिकीट नंबर, सही. एका हातात चहाचा कप असला तरी उरकतं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत टाइम ऑफिसला आहे. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, पगारपत्रक आणि कपाती ही माझी कामं. मोल्डिंगला आज किती माणसं कमी, फेटलिंगमधल्या कुणाचा मेडिकल चालू आहे, कुणाच्या पगारातून कुठल्या संस्थेचा हप्ता जातो, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे त्या दोन ओळींचं पुढे काय होतं ते मला दिसतं. सही करणाऱ्याला वाटतं की आपण फक्त ओळख दिली. माणूस आपल्या बघण्यातला आहे, एवढंच म्हटलं. १८७२ चा करार कायदा मात्र कलम १२८ मध्ये म्हणतो की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, म्हणजे रुपयाला रुपया. संस्थेने आधी कर्जदाराचा पिच्छा पुरवावा आणि तिथे काही निघालं नाही तरच तुमच्या दारात यावं, असंही नाही. करारात वेगळं लिहिलं नसेल तर ती सरळ तुमच्याकडे येऊ शकते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो, त्यात कर्जदाराच्या नावाखाली तुमचं नाव असतं. या भागात शेतात, दुकानात, कारखान्यात कुठेही ‘एकशे एकची नोटीस आली’ म्हटलं की समजावून सांगावं लागत नाही. समोरचा एकच विचारतो, ‘कर्ज तुझं, का जामीन?’

ज्या सहकाऱ्याबद्दल हे लिहितेय त्याचं नाव घेणार नाही. त्याला झेड म्हणते. हे अक्षर मी निवडलेलं नाही, कायद्याने निवडलंय. ते पुढे येईलच.

झेड दिसायला, वागायला वाईट माणूस नाही. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिला पोचणार. गणपतीच्या वर्गणीचं पुस्तक त्याच्याकडे. कँटीनमध्ये तो असताना दुसऱ्या कुणी चहाचे पैसे दिलेले मी पाहिले नाहीत. या चहाचा हिशेब लोक विसरतात असं नाही. सहीचा कागद पुढे आला की नेमका तोच आठवतो.

त्याचं कर्ज एका संस्थेचं नव्हतं. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्यात पगारातल्या एकूण कपातीला मर्यादा होती. एरवी निम्म्यापर्यंत, आणि सहकारी संस्थांची देणी असतील तर ७५ टक्क्यांपर्यंत. कामगाराच्या घरात चूल पेटायला काही उरावं म्हणून घातलेली ही मर्यादा. झेडच्या बाबतीत ती वेगळ्याच उपयोगाला आली. त्याचा पगार आधीच्या हप्त्यांनी या रेषेला टेकलेला, म्हणजे नव्या कर्जाचा हप्ता त्याच्या पगारातून कापायला जागाच नाही. मग संस्थेचं पत्र येतं: जामीनदाराच्या पगारातून वसूल करावे. जामीनदाराचा पगार मोकळा असतो, कारण जामीनदार बहुतेक वेळा तरुण असतो, आणि त्याने स्वतः अजून कर्ज काढलेलं नसतं.

त्याच्या एका कर्जाच्या दोन जामीनदारांनी एकदा डबा खाताना सहज गोष्टी पडताळल्या. एकाला आईच्या ऑपरेशनसाठी म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्याला उचगावच्या प्लॉटसाठी. कर्ज एकच. शिवाय दोघांपैकी एकाचं म्हणणं असं, की सही केली तेव्हा अर्जावर रकमेचा आकडाच नव्हता.

कँटीनला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. कोल्हापुरात एखादी गोष्ट माहीत नसणं अवघडच. पण आपल्याकडे सांगायची एक रीत आहे. झेड हात धुवून बाहेर पडला की कुणीतरी म्हणायचं, ‘लई प्रामाणिक माणूस हाय बाबा!’ आणि टेबलभर खसखस. ‘देवमाणूस हाय देवमाणूस. दुसऱ्याच्या खिशातला देव.’ पुन्हा हशा. याच्यापुढे कुणी जायचं नाही. जायची गरजही नव्हती, कारण हसणाऱ्या प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं.

ठाऊक नव्हतं ते आयटीआय करून आलेल्या, नुकत्याच कायम झालेल्या पोरांना. गगनबावडा, आजरा, चंदगड इकडची ही पोरं. खोली घेऊन चौघं चौघं राहतात, शिफ्ट सुटली की बस गाठायला पळतात. जुन्यांच्या टेबलावर बसायचा त्यांना अजून मान नाही. त्यातली तिघं एका आठवड्यात पगाराचा दाखला मागायला माझ्या खिडकीशी आली. कशाला पाहिजे म्हणून विचारलं, तर जामीन राहायचंय. कुणाला? झेडला.

त्यातल्या चंदगडच्या पोराला मी म्हटलं, ‘अरे, चौकशी केलीस का काही?’

‘केली की मॅडम. कँटीनमधी सगळीच म्हणत्यात, लई प्रामाणिक माणूस हाय.’

मला आधी हसूच फुटणार होतं. मग त्याचा चेहरा पाहिला. तो गंभीरपणे सांगत होता. त्याने ऐकलेलं शब्दशः खरं होतं. ते कोणत्या सुरात म्हटलं जातं ते त्याला कळायला अजून दोन-चार वर्षं लागली असती, आणि तोवर त्याच्या पगारातून हप्ता कापला गेला असता.

त्या दिवशी मी दाखले दिले नाहीत, उद्या या म्हटलं.

आता माझी अडचण. मला जे माहीत होतं त्यातलं बरंचसं पगारपत्रकातून माहीत होतं, आणि पगारपत्रक काही माझ्या मालकीचं नाही. कुणाच्या पगारातून काय कापलं जातं हे मी त्याच्या बायकोलाही सांगत नाही. (विचारायला येतात, हो. पगाराच्या आठवड्यात फोन येतात.) म्हणून मी आधी त्या दोन जामीनदारांकडे गेले. म्हटलं, या पोरांना तुमची गोष्ट तुम्ही सांगाल का, की मी सांगितलेली चालेल? एकजण म्हणाला, ‘तुमीच सांगा. माझं नाव घेऊन सांगा, काय घाबरत न्हाई मी.’ दुसरा म्हणाला, नाव नको, कपात नको, मला यात काहीच नको. मग त्याचं काहीच घ्यायचं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिघांना जेवणाच्या सुट्टीत थांबवून घेतलं. बाकी कुणी नव्हतं. मी काय बोलले ते आधी कागदावर लिहून काढलं होतं. ही सवय टाइम ऑफिसची, शहाणपणाची नव्हे. अमुक माणूस याच्या कर्जाला जामीन आहे, त्याच्या पगारातून दर महिन्याला हप्ता जातोय, त्याने सांगायला परवानगी दिलीय, जाऊन त्यालाच विचारा. कर्जाचं कारण त्याला काय सांगितलं होतं तेही विचारा. सही करायच्या आधी झेडकडे संस्थांचा थकबाकी नसल्याचा दाखला मागा. अर्जातली रक्कम भरलेली असल्याशिवाय सही करू नका, झेडच नाही, कुणाच्याही अर्जावर. पुढे तुमची मर्जी, दाखले तयार आहेत.

चोर म्हटलं नाही, फसवा म्हटलं नाही. कोऱ्या अर्जाची गोष्टही सांगितली नाही, कारण तो अर्ज मी पाहिलेला नव्हता.

झेडला हे कळायला दुसरी शिफ्ट लागेपर्यंतचाच वेळ लागला. पंचिंग मशिनपाशी रांग होती. तो माझ्या खिडकीत वाकला आणि आवाज न चढवता, सगळ्यांना ऐकू जाईल असा, म्हणाला, ‘मॅडम, कंपनीनं पगारपत्रक तुम्हाला वाचायला दिलंय. कीर्तन करायला न्हाई. अब्रूनुकसानीचा दावा टाकतोय तुमच्यावर. पाच लाखाचा.’

वाक्य चांगलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मात्र माझे हात गार पडले. रांगेतले सगळे एकाएकी आपापलं कार्ड निरखून पाहायला लागले.

नोटीस खरंच आली. रजिस्टर पोस्टाने, घरच्या पत्त्यावर, ती सासूबाईंनी सही करून घेतली. चार पानं. ‘माझे अशील हे समाजातील एक प्रतिष्ठित, सुसंस्कृत व कायदाप्रेमी नागरिक असून...’ इथपासून ‘...आपण द्वेषबुद्धीने व हेतुपुरस्सर’ करत करत, पंधरा दिवसांत लेखी माफी आणि पाच लाख. न पेक्षा दिवाणी व फौजदारी. नवरा एवढंच म्हणाला, ‘गावाची पंचाईत तुला कुणी सांगितली होती?’ रात्री मात्र तो नोटीस परत परत वाचत बसला होता. कंपनीच्या ऑफिसने यातून लगेच अंग काढून घेतलं. खासगी व्यवहार आहे, कंपनीला मध्ये ओढू नका. ते अपेक्षितच होतं.

अपेक्षित नव्हतं ते कँटीनचं. तेच टेबल, तीच माणसं, आणि झेड हात धुवायला गेला की आता कुणीच काही बोलेना. एकेकजण वेगवेगळा येऊन मला विचारून गेला, ‘मॅडम, तुमच्या कागदात आमचं नाव कुठं आलेलं न्हाई न्हवं?’ मग हळूहळू झेडबद्दल पुन्हा बोलणं सुरू झालं, पण खसखस गेली. ‘तसा माणूस प्रामाणिक आहे हो.’ शब्द तेच, फक्त आता खऱ्या आवाजात. वर्षानुवर्षं टिंगल करणाऱ्यांपैकी एकालाही नोटीस आली नाही आणि तीन पोरांना समोर बसवून सरळ सांगितलं त्या बाईला आली, याची कुणालाच गंमत वाटत नव्हती. मला वाटत होती. निदान रागाच्या खाली कुठेतरी.

वकीलबाई कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात भेटल्या. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात यायचं होतं. पुढे १८ ऑगस्ट २०२५ ला ते सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं. वकिलांच्या बारमध्ये तेव्हा सगळीकडे तीच चर्चा, आणि त्या गदारोळात त्यांनी माझी चार पानं वाचली. वाचून म्हणाल्या, ‘यात सगळं आहे. तुम्ही नेमकं काय बोललात ते वाक्य तेवढं नाही.’

मी पुन्हा वाचलं. खरंच नव्हतं. ‘अत्यंत बदनामीकारक व खोडसाळ विधाने’ एवढंच. माझ्या कागदावरची वाक्यं त्या नोटिशीत घातली असती तर पाच लाख मागायला तोंडच राहिलं नसतं. अशा नोटिशीचं बळ विधान न सांगण्यात असतं. घेणाऱ्याने रात्री जागून आपण कधी काय बोललो ते सगळं आठवत बसावं, आणि पुढच्या वेळी बोलायच्या आधीच गप्प व्हावं. खटला चालवायची त्यात गरजच पडत नाही.

वकीलबाईंनी कलमाचा कागद हातात दिला आणि घरी जाऊन वाचा म्हणाल्या. अर्ध्या लोकांना हे भीतीपोटी वाचवत नाही, असंही म्हणाल्या. १ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. आधी तो दंड संहितेच्या ४९९ आणि ५०० मध्ये होता. शब्दरचना १८६० पासून जवळजवळ तीच. दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संहितेने त्यात आता समाजसेवेची शिक्षाही घातली आहे. तोंडी बोललेलंही यात येतं. पोलीस यात परस्पर गुन्हा नोंदवत नाहीत, ज्याची बदनामी झाली त्याने मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार करायची. नव्या प्रक्रियेत मॅजिस्ट्रेटने दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हे कलमच घटनाबाह्य आहे असं काहींनी सर्वोच्च न्यायालयात मांडलं होतं. १३ मे २०१६ ला न्यायालयाने ते कायम ठेवलं.

आता झेड. कलमाखाली उदाहरणं दिलेली आहेत, आणि त्यात ए, बी आणि झेड अशी तीन माणसं. बीचं घड्याळ चोरीला गेलंय. संशय सदैव झेडवर. एला कुणीतरी विचारतं, घड्याळ कुणी चोरलं? ए तोंड उघडत नाही, फक्त झेडकडे बोट दाखवतो. ही बदनामी. दुसऱ्या उदाहरणात ए चित्र काढतो, झेड घड्याळ घेऊन पळतोय. तीही बदनामी. आणि सगळ्यात पहिल्या उदाहरणात ए म्हणतो: झेड प्रामाणिक माणूस आहे, त्याने बीचं घड्याळ कधीच चोरलेलं नाही. म्हणण्याचा हेतू मात्र असा, की ऐकणाऱ्याने उलटं समजावं. अपवादात बसत नसेल तर तीही बदनामी.

लई प्रामाणिक माणूस हाय बाबा! दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणा इंग्रजाने आमचं कँटीन ऐकून लिहिल्यासारखं.

म्हणजे खसखस कायद्याने सुरक्षित नव्हतीच. ती व्यवहारात सुरक्षित होती, कारण तिचा कुणाला उपयोग नव्हता. त्या टोमण्याने झेडची एकही सही अडली नाही; उलट चंदगडच्या पोराला तो शिफारस म्हणून पोचला. झेड हे चांगलं ओळखून असावा. त्याने टोमणे वर्षानुवर्षं हसून घेतले. धंद्याच्या आड आलं ते एकच बोलणं, आणि त्यालाच त्याने बदनामी म्हटलं.

कलमाला दहा अपवाद आहेत. नववा स्वतःचं किंवा दुसऱ्याचं हित राखण्यासाठी सद्भावनेने केलेल्या आरोपाचा. त्याचं उदाहरण वाचून मी खुर्चीत सरळ बसले. ए हा दुकानदार. तो आपला धंदा सांभाळणाऱ्या बीला सांगतो, झेडला रोख पैसे घेतल्याशिवाय काही विकू नको, मला त्याच्या सचोटीची खात्री नाही. आपल्या हितासाठी सद्भावनेने हे सांगितलं असेल तर एला अपवादाचं संरक्षण. दहावा अपवाद तर मला समोर बसवूनच लिहिल्यासारखा: एका माणसाविरुद्ध दुसऱ्याला सद्भावनेने सावध करणं ही बदनामी नाही, मात्र ती सूचना ज्याला दिली त्याच्या भल्यासाठी, किंवा त्याला ज्याच्याबद्दल आस्था आहे त्याच्या भल्यासाठी, किंवा सार्वजनिक हितासाठी असली पाहिजे.

कायद्याने आणि आमच्या कँटीनने इथे नेमकी उलटी माणसं निवडली आहेत. कायदा सरळ सांगणाऱ्याला आडोसा देतो आणि डोळा मारणाऱ्याला देत नाही. कँटीन डोळा मारणाऱ्याला जागा करून देतं, सरळ सांगणारी आली की ताट उचलतं.

पण वकीलबाईंनी मला फार खूश होऊ दिलं नाही. सद्भावना म्हणजे माझं मन स्वच्छ होतं, एवढ्यावर कायदा थांबत नाही. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेलं काहीही सद्भावनेने केलं असं मानलं जात नाही, अशी व्याख्याच आहे. म्हणजे बोलण्याआधी तुम्ही खातरजमा काय केली ते विचारलं जाणार. आणि अपवादात बसतो हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. नुसतं खरं असणंही फौजदारीत पुरत नाही; खरं आणि सार्वजनिक हिताचं, असं दोन्ही लागतं. त्यांनी विचारलं, ‘कोऱ्या अर्जाचं तुम्ही बोललात का?’ नाही म्हटलं. ‘मग उत्तर सोपं जाईल.’

कोल्हापूरकराला याबाबतीत दुसरीकडचा दाखला शोधावा लागत नाही. मराठी वर्तमानपत्रांच्या इतिहासातला गाजलेला बदनामीचा खटला आमच्याच दरबारचा. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे तरुण छत्रपतींचा, चौथ्या शिवाजी महाराजांचा, छळ करताहेत अशी बोलवा होती. महाराजांना वेडं ठरवलं होतं. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघून जेमतेम वर्ष झालेलं, टिळक-आगरकर पंचविशीतले. बर्व्यांविरुद्धची पत्रं त्यांच्या हाती आली, त्यांनी ती छापली, बर्व्यांनी खटला भरला. पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली तरी १८८२ च्या जुलैत चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघं सुटले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ ला, महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत गोऱ्या शिपायाबरोबरच्या झटापटीत गेले. महाराजांबद्दलची कळकळ खोटी नव्हती हो. हातातला कागद खोटा होता. १०१ हा आकडा आमच्या जिल्ह्याच्या पाचवीलाच पुजलेला दिसतो, तुरुंगाचे दिवस म्हणा नाहीतर वसुलीचं कलम म्हणा.

त्या कोऱ्या अर्जाची गोष्ट खरीही असेल. सांगणारा माणूस सरळ आहे. पण मी ती पोरांना सांगितली असती तर झेडच्या वकिलाने बाकी सगळं सोडून तेवढंच धरलं असतं, आणि कापला जाणारा हप्ता, जो कुणी नाकारू शकत नाही, तोही संशयात गेला असता.

आता अब्रूबद्दल. झेडची बायको मला लक्ष्मीपुरीच्या बाजारात भेटली. आम्ही एकमेकींना हळदीकुंकवापासून ओळखतो. पिशवी खाली ठेवून म्हणाली, ‘वैनी, पोरीला बघायला माणसं यायला लागलीत. तुमी असं का केलासा?’ मला उत्तर सुचलं नाही. पोरीचा यात काही दोष नाही, आणि स्थळ जमवताना लोक बापाची चौकशी कशी करतात ते मलाही ठाऊक आहे. तिची अब्रू खरीच आहे, आणि माझ्या बोलण्याचा धक्का तिथवर पोचला हेही खरं आहे. मी कोथिंबिरीच्या दोन पेंड्या घेतल्या आणि झेडच्या बायकोला दुसऱ्याच विषयाचं काहीतरी विचारलं.

पण नाव घ्यायची परवानगी देणारा जो जामीनदार, त्याच्याकडेही एक दार आहे. पन्हाळ्याकडच्या गावात. वसुली अधिकारी जीप घेऊन त्या दारात गेला तेव्हा हा कामावर होता, घरी म्हातारी एकटी. गल्ली गोळा झाली. म्हातारीने आयुष्यात कुणाचे पाच रुपये बुडवलेले नाहीत, आणि त्या दिवसापासून ती डेअरीला दूध घालायला जात नाही, सून जाते. यांनी कर्ज काढलेलं नाही, पैसा पाहिलेला नाही. पाच लाखांची अब्रू कागदावर मांडणाऱ्या नोटिशीत या म्हातारीच्या अब्रूला रकाना नाही. तिने कुणाला नोटीस पाठवायची? झेडला, खरं म्हणजे. पण तसं तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी ती म्हणेल, जाऊ दे बाबा, आपलीच शोभा.

अब्रूची भीती घालायची हिंमत ज्याच्याकडे असते तो शक्यतो अब्रू गेलेल्या माणसांमधला नसतो, असं माझं मत होत चाललंय. ते चुकीचंही असेल. माझ्या टेबलावरून जेवढं दिसतं तेवढ्यावरून बोलतेय.

आम्ही नोटिशीला उत्तर पाठवलं. दीड पान. त्यात मी जे बोलले ते वाक्यन्‌वाक्य घातलं, कुणापुढे आणि कशासाठी ते घातलं, परवानगी देणाऱ्याचं पत्र जोडलं आणि शेवटी विचारलं की यातलं कोणतं विधान खोटं आहे ते कळवावं. माफी नाही. त्या पत्राला उत्तर आलं नाही. दिवाणी दाव्याची एक वर्षाची मुदत उलटून गेली. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं असतात, ती अजून शिल्लक आहेत. वकीलबाई म्हणतात, विसरून जा, पण कागद फेकू नका. झेड खिडकीशी येतो, हजेरीचं काही असेल तर बोलतो, मीही बोलते. गणपतीच्या वर्गणीची पावतीही त्यानेच फाडून दिली.

तीन पोरांपैकी दोघांनी सही केली नाही. चंदगडच्याने केली. मी सगळं सांगितल्यावर, त्या जामीनदाराला भेटून आल्यावर, तरीही. झेड त्याच्या बहिणीच्या लग्नाला चंदगडला गेला होता म्हणे, मुक्कामी राहून वाढपाला उभा राहिला होता. ‘माणूस घरी येऊन गेल्यावर न्हाई कसं म्हणायचं, मॅडम?’ दाखला मी दिला. न द्यायचा मला अधिकार नव्हता.

संस्थेचं पत्र गेल्या दिवाळीनंतर आलं, आणि त्याची कपात आता मीच पगारपत्रकात टाकते. त्याच्याबद्दल इथे लिहू का म्हणून विचारलं, तो म्हणाला, गाव लिहा, नाव नको. काही दिवस तो खिडकीकडे फिरकत नव्हता. परवा आला. मी त्याला करार कायद्याचं कलम १४५ दाखवलं: जामीनदाराने रीतसर भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे. त्यासाठी भरल्याचा पुरावा लागतो. पगाराच्या सगळ्या स्लिपा त्याच्याकडे होत्या, संस्थेच्या दोन पावत्या सापडत नव्हत्या. संस्थेत अर्ज करून खातेउतारा माग म्हटलं, तोंडी मागू नको. अर्जाचा मसुदा मी लिहून दिला. त्याने वाचून विचारलं, ‘ह्यात त्यांचं नाव घालायचं काय?’

‘कर्जदाराचं नाव घालावंच लागतं,’ मी म्हटलं. ‘खातं त्याच्या नावावर आहे.’